जिनिंगच्या काट्याचे ॲप मुंबईच्या सर्व्हरवर, मी घाटंजीकडच्या गावात: जोडणी मध्येच तुटते, कमांड लाईनवरून काम कसे सांभाळावे?

काटापट्टी (घाटंजी तालुका, यवतमाळ)

नमस्कार. आमच्या भागातील एका जिनिंगसाठी मी काटापट्टीचे वेब ॲप तयार केले आहे. कापसाची गाडी फाटकातून आत आली की तिला क्रमांक मिळतो; भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन, ओलावा आणि ठरलेला भाव यांची नोंद होते आणि शेतकऱ्याच्या हाती छापील काटापट्टी पडते. ॲप जँगोमध्ये (वेब ॲप बांधण्याची पायथनमधील चौकट) लिहिलेले आहे, डेटाबेस मायएसक्यूएलचा आहे आणि हे सर्व मुंबईच्या डेटा सेंटरमधील एका लहान उबंटू सर्व्हरवर चालते. मी मात्र गावात राहतो आणि लॅपटॉपला मोबाईलचे हॉटस्पॉट जोडून एसएसएचने (दूरच्या संगणकावर आज्ञा देण्याची सुरक्षित जोडणी) सर्व्हरवर जातो. आमच्याकडे लाईन गेली की अर्ध्या-पाऊण तासात टॉवरची बॅटरीही उतरते, त्यामुळे जोडणी कधी तुटेल याचा नेम नसतो.

परवा रात्री साडेअकराला, शेवटची गाडी रिकामी होऊन दिवाणजींनी काटा बंद केल्यावर, मी १४ क्रमांकाचे मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी जँगोची फाइल) चालवायला घेतले. त्यात ओलाव्यासाठी नवा रकाना जोडायचा होता आणि मागील तीन हंगामांच्या जवळपास ९० हजार काटापट्ट्यांच्या शेऱ्यांतून ओलाव्याचा आकडा वेचून तो त्या रकान्यात भरायचा होता. दीडेक मिनिट गेले असेल नसेल, खिडकी गोठली. कर्सर लुकलुकत होता, पण एकही कळ लागेना. मी टर्मिनल बंद केले, फोन विमान मोडमध्ये टाकून परत काढला, पुन्हा सर्व्हरवर गेलो आणि तीच आज्ञा दुसऱ्यांदा दिली. या वेळी १०६० क्रमांकाची चूक आली: ‘ड्युप्लिकेट कॉलम नेम’. पुढे काही करण्याचे धाडस झाले नाही. काल आणि आज काटा नेहमीप्रमाणे चालला आहे, परंतु डेटाबेस नेमका कोणत्या अवस्थेत आहे हे मला समजत नाही.

नवा रकाना हाताने काढून टाकून मायग्रेशन पुन्हा चालवावे का? आणि अशा नेटवर कोड पाठवणे, मायग्रेशन, लॉग पाहणे, बॅकअप आणणे ही कामे लॅपटॉपच्या कमांड लाईनवरून निर्धास्तपणे कशी करावीत? सध्या मी बदललेल्या फाइली एससीपीने (एसएसएचवरून फाइल पाठवणारी आज्ञा) एकेक करून पाठवतो.

रातपाळी (वर्धा)

रकाना काढू नये. आधी फक्त पाहून घ्यावे, कशालाही हात लावू नये.

खिडकी गोठली तेव्हा तिकडचे काम मेले असे आपण धरून चाललात, आणि मला वाटते खरी चूक तिथे झाली. टॉवर बसला किंवा विमान मोडनंतर फोनला नवा पत्ता मिळाला, तर जोडणी संपल्याचा निरोप सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. सर्व्हर बिचारा उत्तराची वाट पाहत माहितीची तीच पाकिटे पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, आणि लिनक्सच्या मूळ मांडणीत हा खेळ सुमारे १५ मिनिटे चालू शकतो. तेवढा वेळ आपण दिलेली आज्ञा तिकडे सुखाने चालू असते. जोडणी गेल्याचे सर्व्हरच्या ध्यानात आले की मग तो त्या टर्मिनलवरील कामांना ‘सिगहप’ हा संकेत पाठवतो आणि बहुतेक कामे तो मिळताच संपतात. टेलिफोनच्या मोडेमवरून संगणकाला जोडून घेण्याच्या काळातले हे नाव आहे. पलीकडच्याने रिसीव्हर ठेवला, म्हणजे ‘हँग अप’ केले, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून १०६० च्या चुकीची दोन कारणे संभवतात. पहिले मायग्रेशन अर्ध्यावर मेले असेल आणि जोडलेला रकाना तसाच राहिला असेल, हे एक. किंवा आपण दुसऱ्यांदा आज्ञा दिली तेव्हा पहिले मायग्रेशन आकडे भरण्याचे काम करतच होते, हे दुसरे. पुढील गोष्टी पाहिल्यावर उलगडा होईल. (आज्ञा देवनागरीत लिहितो आहे, टंकताना रोमन लिपीत टंकाव्यात.) ‘पीएस ऑक्स’ देऊन मॅनेज डॉट पाय (जँगोच्या आज्ञा चालवणारी फाइल) अजून चालू आहे का ते पाहावे आणि मायएसक्यूएलमध्ये ‘शो प्रोसेसलिस्ट’ने तेच पडताळावे. त्यानंतर ‘शोमायग्रेशन्स’ देऊन १४ क्रमांकासमोरच्या चौकटीत फुली आहे की ती रिकामी आहे ते पाहावे. शेवटी नवा रकाना किती ओळींत भरला गेला आहे ते मोजावे. चौकट रिकामी असेल, तर ‘एसक्यूएलमायग्रेट’ने त्या मायग्रेशनमधील रकान्यासंबंधीचे एसक्यूएल (डेटाबेसला दिल्या जाणाऱ्या आज्ञा) डोळ्यांखालून घालावे, आकडे भरण्याचे राहिलेले काम वेगळे चालवावे, आणि मगच ‘मायग्रेट’ला ‘फेक’ हा पर्याय देऊन ते झाल्याची नोंद करावी. फेक म्हणजे जँगोला ‘हे झाले आहे असे लिहून घे’ असे सांगणे. तपासणी न करता ते वापरले तर पुढच्या हंगामात डोकेदुखी ठरलेली.

हे सारे मायएसक्यूएलमुळे नाजूक होते. पोस्टग्रे या दुसऱ्या डेटाबेसमध्ये रकाना जोडणे हासुद्धा व्यवहाराचाच (एकतर सगळे, नाहीतर काहीच नाही, अशा कामाचा) भाग असतो, त्यामुळे जँगोचे मायग्रेशन मध्येच तुटले तर सगळे मागे फिरते. मायएसक्यूएलमध्ये तक्त्याची रचना बदलणारी प्रत्येक आज्ञा तिथल्या तिथे पक्की होते. एवढ्यासाठी डेटाबेस बदलावा असे मी म्हणणार नाही, पण रकाना जोडणे आणि आकडे भरणे ही दोन कामे दोन वेगळ्या मायग्रेशनमध्ये ठेवायला हवी होती.

आता यापुढचे. सर्व्हरवर गेल्यावर पहिली आज्ञा ‘टीमक्स न्यू -ए -एस काटा’ ही द्यावी. यातला ‘ए’ मोठ्या लिपीतला आणि ‘एस’ लहान. ‘काटा’ नावाचे सत्र आधीपासून असेल तर आपण त्यातच जाऊन बसतो, नसेल तर नवे तयार होते. त्यात चालणारे काम सर्व्हरवरच्या टीमक्सच्या हवाली असते, आपली एसएसएच जोडणी म्हणजे त्यात डोकावण्याची खिडकी फक्त. लाईन गेली, टॉवर बसला, लॅपटॉपची बॅटरी संपली, तरी पुन्हा जोडून तीच आज्ञा दिली की पडद्यावर जिथे सोडले होते तिथले चित्र दिसते.

खिडकी गोठल्यास टर्मिनल बंद करण्याची गरज नसते. एंटर, मग टिल्डा, मग पूर्णविराम, या कळा ओळीने दाबल्या की एसएसएच आपल्या बाजूने जोडणी सोडून देते. ही युक्ती मला फार उशिरा कळली.

‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल’ ३० सेकंदांवर ठेवावे असा सल्ला आपल्याला जागोजागी मिळेल. मूळ मांडणीत तो शून्य, म्हणजे बंद, असतो. तो दुधारी आहे. मोबाईल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात आणि काही वेळ हालचाल नसलेली जोडणी विसरून जातात, तिथे ही अधूनमधून दिली जाणारी हाक उपयोगी पडते. पण तीन हाकांना उत्तर आले नाही की एसएसएच स्वतःहून जोडणी तोडते, म्हणजे ३० सेकंदांच्या हिशोबाने दीड मिनिट नेट गेले की संपले. हाक दिली नसती तर दोन मिनिटांनी नेट परत आल्यावर तीच जोडणी कदाचित जिवंत सापडली असती. टीमक्स वापरत असाल तर जोडणी तुटण्याचे भय उरत नाही, म्हणून मी ३० ठेवतो.

टंकलेली अक्षरे उशिरा उमटण्याचा त्रास असेल तर मॉश वापरून पाहावे. ते २०१२ मध्ये एमआयटीत तयार झाले. ओळख पटवण्यापुरते ते एसएसएच वापरते आणि पुढचा संवाद यूडीपीवर (कायम जोडणी न ठेवता पाकिटे पाठवण्याची पद्धत) करते, त्यामुळे फोनचा पत्ता बदलला तरी सत्र तुटत नाही, आणि टंकलेली अक्षरे सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता अंदाजाने लगेच दाखवते. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये ६०००० ते ६१००० मधील यूडीपी पोर्ट उघडावे लागतात. मागचा मजकूर वर सरकवून पाहण्याची सोय त्यात नाही, तेव्हा मॉशच्या आत टीमक्स ही जोडी बरी.

पळसपान (देवरी तालुका, गोंदिया)

रातपाळी यांनी सांगितलेले सर्व योग्य आहे, पण मी एक पायरी पुढे जाईन. माझ्याकडे धान खरेदीच्या नोंदींचे असेच एक ॲप आहे आणि नेटची अवस्था आपल्यापेक्षा बरी नाही. सर्व्हरवर जाऊन तिथे बसून काम करणे मी जवळजवळ सोडून दिले आहे. लॅपटॉपवरून काम सांगायचे, ते सर्व्हरने स्वतःच्या हिमतीवर करायचे आणि आपण नेट असेल तेव्हा लॉग पाहायचा, अशी घडी बसवली आहे.

यासाठी प्रथम लॅपटॉपवरील एसएसएचच्या कॉन्फिग फाइलीत सर्व्हरला टोपणनाव द्यावे, म्हणजे पत्ता, वापरकर्ता आणि किल्लीची (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी) फाइल दर वेळी टंकावी लागत नाही. कोड एससीपीने एकेक फाइल पाठवून नेऊ नये. चार फाइलींपैकी दोन गेल्या आणि नेट गेले, तर सर्व्हरवर अर्धा जुना आणि अर्धा नवा कोड राहतो. सर्व्हरवर गिटचे (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन) ‘बेअर’, म्हणजे फक्त आवृत्त्यांचा साठा असलेले, भांडार तयार करून त्यात ‘पुश’ करावे. पुश मध्येच तुटला तर शाखा जुन्याच जागी राहते, आणि पूर्ण झाला तरच पुढे सरकते.

पुश झाल्यावर आपोआप चालणाऱ्या ‘पोस्ट-रिसीव्ह’ हुकमध्ये बरेच जण सगळे डिप्लॉय (नवा कोड चालू करण्याच्या पायऱ्या) लिहून टाकतात: कोड बाहेर काढणे, पिपने लायब्ररी बसवणे, मायग्रेट, कलेक्टस्टॅटिक, शेवटी गुनिकॉर्न (ॲप चालवणारा प्रोग्राम) पुन्हा सुरू करणे. मीही तसेच केले होते. परंतु हुकचे काम आपल्या जोडणीला बांधलेले असते, आणि जोडणी गेल्यावर त्याने पडद्यासाठी काही लिहायचा प्रयत्न केला की ते मध्येच मरू शकते, म्हणजे आपला मूळ त्रास पुन्हा दारात. म्हणून हे सर्व एका शेल स्क्रिप्टमध्ये ठेवावे, पहिल्याच ओळीत ‘सेट -ई’ लिहावे म्हणजे एखादी पायरी फसली की पुढच्या पायऱ्या होणार नाहीत, आणि ती स्क्रिप्ट सिस्टमडी या लिनक्सवरील सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या ‘सिस्टमडी-रन’ने ‘डिप्लॉय’ हे युनिटचे नाव देऊन सुरू करावी. काम सिस्टमडीच्या ताब्यात जाते, आपली आज्ञा क्षणात परत येते आणि नंतर ‘जर्नलसीटीएल -यू डिप्लॉय -एफ’ देऊन काय चालले आहे ते पाहता येते. यात आपल्या कामाची आणखी एक गोष्ट आहे: डिप्लॉय नावाचे युनिट चालू असताना कोणी घाबरून पुन्हा तीच आज्ञा दिली, तर सिस्टमडी नकार देते. ‘कलेक्ट’ हा पर्यायही द्यावा, नाहीतर फसलेले युनिट नाव अडवून बसते.

माझ्या लॅपटॉपवर ‘धान’ नावाची दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट आहे. ‘धान डिप्लॉय’, ‘धान लॉग’, ‘धान बॅकअप’ एवढेच टंकते, आत एसएसएचच्या या आज्ञा आहेत.

बॅकअपबद्दल. मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची प्रत काढणारी आज्ञा) लॅपटॉपवरून चालवून त्याचा प्रवाह थेट नेटवरून ओढू नये. सर्व्हरवरच ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ देऊन डंप करावा, म्हणजे इनोडीबीच्या (मायएसक्यूएलच्या नेहमीच्या साठवण पद्धतीच्या) तक्त्यांना कुलूप न लावता एका क्षणाचे सुसंगत चित्र मिळते. तो जीझिपने आवळावा आणि मग ‘आरसिंक -पी’ने, इथे ‘पी’ मोठ्या लिपीतला, लॅपटॉपवर आणावा. फाइल अर्धी येऊन नेट गेले तरी आलेला भाग जपला जातो. सर्व्हरवर हे काम क्रॉनने (ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) रात्री दोन वाजता लावून ठेवले की आपल्याकडे फक्त आणण्याचे काम उरते.

आणि एक कबुली. दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर दोन सारख्याच काळ्या खिडक्या उघड्या होत्या, एक लॅपटॉपची आणि एक सर्व्हरची. चाचणीचा डेटाबेस पुसायचा म्हणून ‘ड्रॉप’ दिले, एंटर दाबले आणि मग नजर डावीकडच्या नावावर गेली. आदल्या रात्रीचा बॅकअप होता, पण त्या दिवसाच्या दुपारपर्यंतच्या नोंदी पावतीपुस्तकावरून पुन्हा भरायला आम्हा दोघांना पहाट झाली. तेव्हापासून सर्व्हरचा प्रॉम्प्ट (आज्ञेच्या डावीकडे दिसणारे ते नाव) लाल रंगाचा ठेवला आहे.

कापूसकोंड्या (अकोट, अकोला)

माझे मत थोडे वेगळे आहे. एकटा माणूस, लहान ॲप, त्यात अशी जोडणी. मग सर्व्हरची उस्तवार अंगावर घ्यावीच कशाला? हेरोकूसारख्या तयार प्लॅटफॉर्मवर ॲप ठेवले की गिट पुश केल्यावर डिप्लॉय तेच करतात, ‘हेरोकू लॉग्स’ला ‘टेल’ जोडले की लॉग दिसतो आणि ‘हेरोकू रन’ने मायग्रेशन चालते. कमांड लाईन आपल्या लॅपटॉपवर, बाकी चिंता त्यांची.

रातपाळी (वर्धा)

कापूसकोंड्या भाऊ, हा मार्ग वाईट नाही, पण तिथेही हाच नियम पाळावा लागतो. ‘हेरोकू रन’ आपल्या टर्मिनलला जोडलेले असते आणि जोडणी तुटली की ते कामही थांबवले जाते. लांबलचक कामासाठी तिथे ‘रन:डिटॅच्ड’ ही वेगळी आज्ञा द्यावी लागते आणि तिचे बोलणे लॉगमध्येच वाचावे लागते. म्हणजे सर्व्हर बदलला तरी सवय बदलावीच लागणार. शिवाय त्यांच्या साध्या योजनांमध्ये अमेरिका आणि युरोप हेच दोन प्रदेश मिळतात आणि फुकटची योजना नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाली. काट्यावर गाड्यांची रांग असताना प्रत्येक काटापट्टीने सातासमुद्रापलीकडे जाऊन परत यावे, हे मला पटत नाही. मुंबईचा सर्व्हर ठेवावा.

किल्ल्यांचा विषय राहिला होता. एसएसएचचा पासवर्ड बंद करून ‘ईडी२५५१९’ प्रकारची किल्ली वापरावी आणि तिला सांकेतिक वाक्य जोडावे. एसएसएच १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात टाटू यलोनेन यांनी लिहिले ते तिथल्या नेटवर्कवर पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडल्यानंतर. तेव्हाचा चोर तारेवर कान लावून बसला होता, आताचे चोर २२ क्रमांकाच्या पोर्टवर रात्रंदिवस पासवर्डचे अंदाज लावत बसतात. आपल्या सर्व्हरचा ऑथ लॉग (प्रवेशाच्या प्रयत्नांची नोंद) उघडून पाहिल्यास त्यांची वर्दळ दिसेल. ‘फक्त माझ्याच पत्त्यावरून प्रवेश’ असा नियम मोबाईल नेटवर लावू नये, पत्ता बदलला की स्वतःच बाहेर राहाल. मांडणी बदलताना एक सत्र उघडे ठेवावे, ‘एसएसएचडी -टी’ने फाइल तपासावी, सेवा पुन्हा सुरू करावी आणि दुसऱ्या खिडकीतून प्रवेश होतो हे पाहिल्यावरच पहिले सत्र सोडावे. लॅपटॉप एकच असेल तर दुसरी किल्ली करून ती पेन ड्राइव्हवर घरातील कपाटात ठेवावी. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशी वीज पडून चार्जरसकट लॅपटॉप जळणे ही काही नवलाची गोष्ट नाही.

काटापट्टी (घाटंजी तालुका, यवतमाळ)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री मी काहीही न बदलता फक्त पाहिले. ‘पीएस’मध्ये मायग्रेशनचा मागमूस नव्हता. ‘शोमायग्रेशन्स’ दिले आणि १४ क्रमांकासमोर फुली होती! पहिले मायग्रेशन माझ्या बंद टर्मिनलच्या पाठीमागे शेवटपर्यंत जाऊन पूर्ण झाले होते. ओलाव्याच्या ओळी मोजल्या, त्याही भरलेल्या निघाल्या. ज्या थोड्या रिकाम्या आहेत त्यांच्या शेऱ्यातच आकडा नव्हता. म्हणजे दुसऱ्यांदा आज्ञा दिली तेव्हा पहिले काम सुरूच होते आणि मी रकाना काढला असता, तर झालेले काम स्वतःच्या हाताने पुसले असते.

टीमक्स आणि गिटचा मार्ग बसवला. आज डिप्लॉय सुरू करून मुद्दाम हॉटस्पॉट बंद केले, चहा घेऊन आलो, पुन्हा जोडले आणि जर्नलमध्ये शेवटची ओळ यशाची दिसली. पळसपान ताई, प्रॉम्प्टही लाल केला आहे.

एक नवीनच अडचण मात्र उभी राहिली. क्रॉनमध्ये बॅकअप रात्री दोनला लावला होता, पण आज सकाळी साडेसातला, फाटकाबाहेर बैलबंड्या आणि मेटॅडोर लागलेले असताना, ॲप संथ झाले आणि पाहतो तर डंप नुकताच सुरू झालेला. सर्व्हर चुकीच्या वेळी का जागा होतो?

पळसपान (देवरी तालुका, गोंदिया)

हा दोष माझ्या सांगण्यातला आहे. आपला सर्व्हर यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) घड्याळावर चालत असणार, आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. त्याचे रात्रीचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात. ‘टाइमडेटसीटीएल’ दिल्यास खात्री होईल. सर्व्हरचे घड्याळ बदलण्यापेक्षा ते यूटीसीवरच राहू द्यावे आणि क्रॉनच्या ओळीतील पहिले दोन आकडे ‘३० २०’ करावेत, म्हणजे डंप आपल्या रात्री दोनलाच निघेल. फाइलीच्या नावात तारीख टाकत असाल तर ती आदल्या दिवसाची दिसेल, कारण सर्व्हरच्या लेखी तेव्हा मध्यरात्र व्हायला साडेतीन तास असतात.